बंदूक कुलुपात आहे का? अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी, मराठी शाळांचे शिक्षक आणि सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव, दिवाळी, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि उन्हाळ्यातली सहल यांच्या तयारीत वर्षभर गुंतलेल्या आपल्या मंडळांकडे मी एक वेगळी मागणी घेऊन आले आहे. बंदुकीच्या हिंसेला आळा घालण्याचे काम आपल्या मंडळांनी स्वतःचे मानावे, त्यासाठी प्रत्येक कार्यकारिणीत एका व्यक्तीवर जबाबदारी सोपवावी आणि आपल्या सभासद कुटुंबांपासूनच त्याची सुरुवात करावी, अशी ती मागणी आहे. मी मिशिगन राज्यात डेट्रॉइटच्या उपनगरात राहते, इथल्या मराठी शाळेत मुलांना शिकवते आणि याच प्रश्नावर काम करणाऱ्या स्थानिक स्वयंसेवकांच्या गटात जाते. या दोन ठिकाणी भेटणारी माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, ही गोष्ट मला फार दिवस सलते आहे.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२१ साली या देशात ४८,८३० माणसे बंदुकीने मेली आणि २०२२ साली ४८,२०४. त्यांतले निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे होते. १ ते १९ या वयोगटातील मुलांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पूर्वी मोटार अपघात हे असे; २०२० पासून ती जागा बंदुकीने घेतली आहे. वर्तमानपत्रांत ठळक मथळे मिळतात ते शाळेतल्या किंवा बाजारातल्या सामूहिक गोळीबारांना, परंतु एकूण मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा अगदी लहान असतो. बहुसंख्य मृत्यू घरात, बंद दाराआड किंवा ठरावीक वस्त्यांच्या रस्त्यांवर होतात आणि त्यांची बातमी दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकत नाही.

हा आपला प्रश्न नाही, असे आपल्यातल्या अनेकांना मनापासून वाटते. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात जे ३२ जण मारले गेले, त्यांत मुंबईहून उच्च शिक्षणासाठी आलेली एक तरुणी होती आणि मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापकही होते. ऑगस्ट २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधील ओक क्रीकच्या गुरुद्वारात सकाळच्या वेळी लंगरची तयारी चालू असताना गोळीबार झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधील ओलेथ येथे काम संपवून मित्राबरोबर बसलेल्या एका भारतीय अभियंत्याला ‘माझ्या देशातून चालता हो’ असे ओरडत गोळी घातली गेली. दर वर्षी पुण्यामुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून हजारो मुले या देशातील विद्यापीठांत येतात, आणि त्यांच्या आईवडिलांना गोळीबाराची बातमी बहुतेक वेळा आपल्याच व्हॉट्सॲप समूहांवरून कळते. त्या बातमीखाली हात जोडल्याची चित्रे टाकण्यापलीकडे आपण काही करत नाही.

यामागे निष्ठुरपणा नाही, हे मला ठाऊक आहे. आपण अशा देशातून आलो, जिथे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि परवाना मिळणेही सोपे नाही. महाराष्ट्रातल्या सामान्य मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या माणसाने बंदूक पाहिलेली असते ती बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावरची दुनळी, नाहीतर पोलिसाच्या कमरेचे पिस्तूल. खंडेनवमीला आपण पुस्तके, अवजारे, फार तर वाहन पुजतो. त्यामुळे शेजाऱ्याच्या शयनगृहातल्या कपाटात भरलेले पिस्तूल असू शकते, ही शक्यता आपल्या मनात येतच नाही. या देशात सामान्य लोकांच्या हातात असलेल्या बंदुकांची संख्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहे. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेचा २०१७ सालचा अंदाज सुमारे ३९ कोटी ३० लाखांचा होता. आपली मुले ज्या घरांत खेळायला जातात, वाढदिवसाला राहतात, रात्री स्लीपओव्हरला थांबतात, त्यांतल्या कित्येक घरांत बंदूक असणारच.

माझ्या घरापासून तासाभराच्या आत असलेल्या ऑक्सफर्ड या गावाची हकीकत मी इथे सविस्तर सांगणार आहे, कारण या पत्रातली प्रत्येक विनंती त्या हकीकतीशी बांधलेली आहे. २०२१ च्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी एका बापाने पंधरा वर्षांच्या मुलाला सोबत नेऊन त्याच्यासाठी पिस्तूल विकत घेतले. चार दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, त्या मुलाने गणिताच्या कागदावर बंदूक, रक्त आणि मदतीची याचना करणारे शब्द काढलेले शिक्षिकेने पाहिले. शाळेने आईवडिलांना बोलावून घेतले आणि मुलाला ताबडतोब समुपदेशकाकडे न्यावे असे सुचवले. आईवडील त्याला घरी न नेताच परतले. घरात नवे पिस्तूल आहे, हे त्यांनी सांगितले नाही, शाळेने विचारले नाही आणि मुलाचे दप्तरही कोणी उघडून पाहिले नाही. पिस्तूल त्या दप्तरातच होते. त्या दुपारी चार विद्यार्थी मेले, सात जण जखमी झाले. पुढे २०२४ साली न्यायालयाने त्या आईला आणि बापाला स्वतंत्र खटल्यांत मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा दिली. शाळेतील सामूहिक गोळीबारासाठी मुलाच्या आईवडिलांना अशी शिक्षा होण्याची ही देशातली पहिलीच वेळ होती. बापाच्या खटल्यात असे पुढे आले की पिस्तुलासोबत दुकानातून मिळालेले केबल लॉक वेष्टनातून बाहेरच काढलेले नव्हते. सरकारी वकिलांनी अंतिम युक्तिवादात ज्युरीसमोर तसे लॉक लावून दाखवले. त्याला काही सेकंद लागले.

त्या काही सेकंदांविषयी मी मराठी शाळेत मुलांना घ्यायला आलेल्या पालकांशी बोलले, तेव्हा बहुतेकांना केबल लॉक म्हणजे काय हे माहीत नव्हते. पिस्तुलाच्या यंत्रणेतून आरपार ओवायची ती एक जाड तार असते. ती ओवून कुलूप लावले की गोळी भरता येत नाही आणि झाडताही येत नाही. ‘प्रोजेक्ट चाइल्डसेफ’ या उपक्रमाखाली अनेक पोलीस ठाण्यांत ती फुकट मिळते. हा उपक्रम बंदूक उद्योगाच्याच संघटनेने चालवलेला आहे, हेही मुद्दाम सांगते, कारण कुलूप लावणे हे कोणत्याही एका पक्षाचे किंवा एका बाजूचे मत नाही.

१३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री आमच्याच राज्यातील मिशिगन स्टेट विद्यापीठात तीन विद्यार्थी मारले गेले. त्या रात्री वर्गांत आणि वसतिगृहांत दारे लावून बसलेल्या मुलांमध्ये ऑक्सफर्डच्या शाळेतून वाचून तिथे शिकायला आलेली मुलेही होती. त्यानंतरच्या आठवड्यांत विद्यार्थी, पालक, डॉक्टर, धर्मगुरू आणि मुले गमावलेली कुटुंबे लॅन्सिंगच्या विधानभवनात समित्यांपुढे साक्ष द्यायला येत राहिली. सभागृहांत बहुमत बदललेले होते, हे खरेच; पण नुसत्या बहुमताने कायदा होत नाही. समितीतल्या काठावरच्या सदस्याला आपल्याच मतदारसंघातली माणसे समोर उभी दिसावी लागतात. एप्रिलमध्ये गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी त्याच विद्यापीठाच्या आवारात दोन कायद्यांवर सही केली. एकाने सर्व प्रकारच्या बंदुकांच्या खरेदीला बॅकग्राउंड चेक, म्हणजे घेणाऱ्याच्या पूर्वेतिहासाची तपासणी, लागू केला, दुसऱ्याने अल्पवयीन मूल जिथे असू शकते तिथे बंदूक कुलूपबंद पेटीत किंवा रिकामी करून कुलूप लावून ठेवणे बंधनकारक केले. मे महिन्यात धोकादायक ठरलेल्या व्यक्तीकडून काही काळ बंदूक काढून घेण्याचा, ‘रेड फ्लॅग’ म्हणून ओळखला जाणारा तिसरा कायदा झाला. हे कायदे त्या गोळीबारानंतर बरोबर एका वर्षाने, १३ फेब्रुवारी २०२४ रोजी, अमलात आले. त्या समित्यांपुढे बोलणाऱ्यांच्या रांगांत आपली माणसे मला फार थोडी दिसली.

आता माझी पहिली विनंती. मूल दुसऱ्याच्या घरी जाणार असेल, तर तिथे बंदूक आहे का आणि असल्यास ती रिकामी, कुलुपात व गोळ्यांपासून वेगळी ठेवली आहे का, हे विचारण्याची सवय आपल्या प्रत्येक कुटुंबाला लागली पाहिजे. आपण शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल विचारतो, घरात कुत्रा आहे का हे विचारतो, जेवणात अंडे चालेल का हेही सांगतो. मात्र हा एक प्रश्न ओठांवर येऊन थांबतो. समोरच्याला काय वाटेल, आपण परके, त्यांच्या घरात डोकावणारे आपण कोण, अशी भीड पडते. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात, आणि इथे तर तिची किंमत मुलाच्या जिवाने मोजावी लागू शकते. मी स्वतः हा प्रश्न फोनवर न विचारता संदेशातून विचारते: ‘आमच्या घरी बंदूक नाही. तुमच्याकडे असल्यास ती कुलुपात असते ना, एवढे कळवाल का? मुलीला रात्री दूध चालत नाही.’ आपली बाजू आधी सांगितली की प्रश्नात आरोप उरत नाही. राग आलेले कोणी मला अजून भेटलेले नाही. एका घरातून उत्तर आले की तिजोरी तळघरात आहे आणि तिचा आकडा फक्त नवऱ्याला ठाऊक आहे. उद्या कोणी रागावले, तर मूल त्या घरी पाठवायचे की नाही, हे ठरवायला तेवढे पुरे आहे. मराठी शाळेच्या नोंदणी अर्जासोबत पालकांना या विषयावरचे एक पानी मराठी पत्रक द्यावे. ‘बी स्मार्ट’ या कार्यक्रमाचे स्वयंसेवक बोलावले तर अर्ध्या तासात हे सगळे समजावून देतात; त्यात ना राजकीय भाषण असते, ना वर्गणीची मागणी.

दुसरी गोष्ट अवघड आहे आणि तिच्याविषयी आपल्या समाजात उघडपणे बोलले जात नाही. आपल्यातल्याही काही कुटुंबांनी बंदुका घेतल्या आहेत. भारतीय घरांत सोने असते म्हणून ती हेरून चोऱ्या झाल्या, २०२० नंतर आशियाई लोकांवर हल्ले झाले, काहींची दुकाने आणि पेट्रोल पंप रात्री उशिरापर्यंत उघडे असतात. त्यांची भीती मी खोटी ठरवत नाही आणि कायदेशीर हक्काने बंदूक घेणाऱ्याला दोष देण्यासाठी हे पत्र लिहिलेलेही नाही. परंतु चोरासाठी आणलेली बंदूक त्याच घरात एखाद्या वाईट रात्री कोणाच्या हाती लागेल, याचा विचार खरेदीच्या दिवशी सहसा होत नाही. ज्यांना मनाच्या यातना असह्य होतात, त्यांचा तो टोकाचा क्षण बहुधा थोडा काळ टिकतो आणि ओसरतो. इतर मार्गांनी केलेल्या प्रयत्नांतून बहुतेक माणसे वाचतात आणि वाचलेल्यांतले दहातले नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदुकीच्या बाबतीत मात्र दहांतले नऊ प्रयत्न जीव घेतात. दुसरी संधी मिळणे किंवा न मिळणे, एवढाच फरक त्यात असतो, आणि तो पुष्कळदा एका कुलुपाने पडतो. महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या ताणाखाली असलेली अकरावी-बारावीची मुले, नोकरी गेल्यामुळे व्हिसाची मुदत मोजत बसलेला तरुण बाप, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आणि दिवसभर एकटे असलेले आजी-आजोबा ही सगळी आपल्याच मंडळाची माणसे आहेत. मंडळाच्या प्रत्येक परिपत्रकाच्या तळाशी ९८८ हा मदतीचा क्रमांक छापायला काहीही खर्च येत नाही. तो रात्रंदिवस चालू असतो आणि केवळ काळजीत असलेल्या नातेवाइकालाही त्यावर बोलता येते.

‘रेड फ्लॅग’ कायद्याची माहिती तर आपल्याकडे जवळजवळ कोणालाच नसते. स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या व्यक्तीकडून काही काळापुरती बंदूक काढून घेण्याचा आदेश न्यायालयाकडे मागता येतो. मिशिगनमध्ये जोडीदार, घरातील माणसे, पोलीस आणि उपचार करणारे वैद्यकीय व्यावसायिक अशी मागणी करू शकतात. १९९९ साली कनेक्टिकटने असा पहिला कायदा केला आणि आता वीसहून अधिक राज्यांत तो आहे. आपल्या समाजात डॉक्टर पुष्कळ आहेत, वकीलही आहेत; त्यांनी एका शनिवारी मंडळाच्या सभागृहात बसून आपापल्या राज्यातील तरतुदी मराठीत समजावून सांगितल्या, तर ज्यांना इंग्रजीत न्यायालयाचा अर्ज भरायची धास्ती वाटते त्या बायकांना फार मोठा आधार होईल. नवऱ्याच्या हातात पिस्तूल असलेल्या घरात राहणारी बाई आपल्या ओळखीत नाही, असे कोणी खात्रीने म्हणू नये. कौटुंबिक हिंसाचाराबद्दल न्यायालयाचा प्रतिबंधक आदेश लागू असलेल्या माणसाला बंदूक बाळगता येणार नाही, हा संघीय कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली आठ विरुद्ध एक अशा बहुमताने कायम ठेवला आहे.

मंडळ राजकारणात पडत नाही, हे उत्तर मला येणार आहे, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहिते. आपली बहुतेक मंडळे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली आहेत. अशा संस्थेला कोणत्याही उमेदवाराचा प्रचार किंवा विरोध करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु लोकशिक्षण करायला, सुरक्षिततेची व्याख्याने ठेवायला, कुलुपे वाटायला कोणतीही आडकाठी नाही, आणि एखाद्या विधेयकाविषयी मर्यादित प्रमाणात मत मांडणेही कायद्याला मान्य आहे. दुसरे उत्तर येते ते व्हिसावरच्या तरुणांकडून: ‘आम्हाला मतच नाही, आम्ही काय करणार?’ मत नसले तरी आमदाराला पत्र लिहिता येते, त्याच्या कार्यालयात जाता येते आणि समितीच्या खुल्या सुनावणीत बोलता येते. त्यासाठी नागरिकत्वाचा दाखला लागत नाही. ज्याचे मूल या देशाच्या शाळेत ‘लॉकडाऊन ड्रिल’मध्ये दिवे मालवून कोपऱ्यात गप्प बसायला शिकते, त्याला या विषयावर बोलण्याचा हक्क नाही, असे म्हणणारा आमदार मला तरी भेटलेला नाही.

सामान्य माणसांच्या अशा कामाने काही होते का, अशी शंका घेणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहावा. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत २० लहान मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. दुसऱ्या दिवशी इंडियानातील शॅनन वॉट्स या गृहिणीने फेसबुकवर एक पान उघडले आणि त्यातून ‘मॉम्स डिमांड ॲक्शन’ ही चळवळ उभी राहिली. चार महिन्यांनी सिनेटमध्ये बॅकग्राउंड चेकच्या विस्ताराचे विधेयक आले. बाजूने ५४ मते पडली, ६० हवी होती, ते पडले. त्या दिवशी ही माणसे घरी बसली असती, तर पुढचे काहीच झाले नसते. त्यांनी वॉशिंग्टनकडून राज्यांच्या राजधान्यांकडे मोर्चा वळवला. २०१४ साली वॉशिंग्टन राज्यात मतदारांनीच सार्वमताने खासगी विक्रीलाही तपासणी लागू केली. २०१८ साली पार्कलंडच्या शाळेत १७ जण मेल्यानंतर तिथल्या विद्यार्थ्यांनी महिन्याच्या आत फ्लोरिडाच्या रिपब्लिकन विधिमंडळाला बंदूक खरेदीचे वय २१ करायला आणि रेड फ्लॅग कायदा करायला भाग पाडले. टेक्सासमधील युवाल्डेच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका गेल्यानंतर, जून २०२२ मध्ये, सुमारे तीन दशकांतला पहिला मोठा संघीय कायदा झाला आणि सिनेटमध्ये १५ रिपब्लिकन सदस्यांनी त्याला मत दिले. दहा वर्षे रिकाम्या सभागृहांत जाऊन बसणाऱ्या बायकांचे ते फळ होते, असे मी मानते. त्या कायद्याने सगळे साधले असे नाही. खासगी विक्रीची पळवाट संघीय पातळीवर अजून तशीच मोठी आहे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या उपनगरांतून सहसा दिसत नाही. डेट्रॉइट शहराच्या ज्या वस्त्यांशेजारून आपण हमरस्त्याने गाडी पळवत जातो, तिथे पूर्वी स्वतः टोळ्यांत वावरलेली माणसे आता तरुणांच्या भांडणांत मध्ये पडून गोळीबार होण्याआधीच तो थांबवण्याचे काम करतात. जखमी मुलाच्या खाटेशी बसून सूड घ्यायला निघालेल्या त्याच्या मित्रांची समजूत काढणे हे त्यांचे काम आहे. शहरात २०२३ साली २५२ खून झाले, १९६६ नंतरचा तो सर्वांत कमी आकडा होता. २०२४ साली तो २०३ वर आला. त्याचे सगळे श्रेय कोणा एकाचे नाही, पोलिसांचेही त्यात काम आहे. परंतु २०२५ च्या एप्रिलमध्ये संघीय न्याय विभागाने देशभरातील अशा कामाची अनेक अनुदाने रद्द केली. आपली मंडळे महाराष्ट्रातील दुष्काळाला, पुराला आणि शाळांना सढळ हाताने मदत पाठवतात, याचा मला अभिमान आहे. त्या निधीतला एक वाटा आपल्या शेजारच्या शहरात जिवावर उदार होऊन फिरणाऱ्या या माणसांपर्यंत पोहोचावा, त्यांना आपल्या व्यासपीठावर सन्मानाने बोलवावे, असे मला वाटते.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी देशभर नारिंगी कपडे घालून हा विषय पुढे आणला जातो. २०१३ साली शिकागोत बागेत मैत्रिणींसोबत उभी असताना मारल्या गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या मित्रमैत्रिणींनी तो रंग निवडला, कारण रानात शिकारी एकमेकांच्या गोळीपासून वाचण्यासाठी तोच रंग घालतात. आपल्या अनेक मंडळांची उन्हाळी सहल त्याच सुमारास असते. त्या सहलीत एक टेबल या विषयासाठी द्यावे, तिथे कुलुपे आणि मराठी पत्रके ठेवावीत. पत्रकाचा मसुदा लिहायला, तो इतर राज्यांच्या कायद्यांनुसार बदलून द्यायला आणि जिथे बोलावाल तिथे येऊन बोलायला मी आणि आमच्या गटातल्या मैत्रिणी तयार आहोत.

कार्यकारिणीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि त्यावर काय ठरले ते सभासदांना लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपली नम्र,
मराठी शाळेतील एक शिक्षिका
मिशिगन